४७ मिमीत मावणारा सीपीयू कूलर : नागपूरच्या उन्हाळ्यासाठी स्वतः कसा आखावा

छोट्या केसमधला, म्हणजे छोट्या कॅबिनेटमधला, संगणक जानेवारीत नागपुरात कसाही चालतो. त्यातल्या चिपला (सीपीयूला) थंड ठेवणारा कूलर कच्चा आहे की पक्का, हे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, कळतं. बाजारात मिळणारे बुटके कूलर बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत तपासून त्यांचे आकडे छापले जातात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोनला त्या आकड्यांवर विसंबून राहता येत नाही.

ज्यांनी एखादा संगणक स्वतः जोडलाय, व्हर्निअर कॅलिपर हातात धरता येतो आणि फ्रीकॅड किंवा फ्यूजनसारख्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा ठोकळा काढता येतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हीट ट्रान्सफरचा अभ्यासक्रम आठवत नसला तरी चालेल, गुणाकार-भागाकार पुरेसा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवखे लोक बुटक्या कूलरमध्ये धातू वाढवत बसतात, पण टंचाई धातूची नसते, हवेची असते. पुढचा सगळा हिशोब त्याच दिशेने जातो.

१. आधी हवा किती गरम, ते ठरवा

चित्र काढायला बसण्याआधी एक आकडा कागदावर लिहा : कूलरच्या पंख्यात शिरणारी हवा जास्तीत जास्त किती अंशांची असेल? बाहेरचं तापमान इथे कामाचं नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती, पण तुमचा संगणक काही गच्चीवर ठेवलेला नसतो. खोलीतलं तापमान मोजा, आणि तेही सगळ्यात वाईट वेळेचं. वाळ्याचा कूलर चालू असताना खोली तीस-बत्तीसवर येते. वीज गेली किंवा टाकीतलं पाणी संपलं, की तासाभरात ती अडतिसावर जाते. डिझाइन अडतीस धरून करायचं. केसच्या आत ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय असतो, म्हणून आणखी पाच अंश जोडा. पंख्यात शिरणारी हवा झाली ४३ अंश.

आता चिपची मर्यादा. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० साठी ती ९० अंश आहे, इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी १०० अंश. आपण ९० धरू. ९० मधून ४३ गेले, राहिले ४७. त्यातून धूळ आणि चिप व कूलर यांच्यामधली सुकलेली पेस्ट यांच्यासाठी पाच काढून ठेवा. हातात उरले ४२ अंश, आणि सगळी उष्णता तेवढ्या फरकावर बाहेर काढायची आहे.

खोली २८ अंशांची असती तर हाच आकडा ५२ झाला असता. हे दहा अंश मिळवायला तुम्हाला फिन्सवर, म्हणजे हवेला उष्णता देणाऱ्या कूलरच्या पातळ पात्यांवर, बरीच मेहनत करावी लागेल, आणि तरी ते पूर्ण मिळतीलच असं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. गरम हवा विरळ असते. समुद्रसपाटीवरच्या २० अंशांच्या हवेपेक्षा नागपूरची, म्हणजे सुमारे ३१० मीटर उंचीवरची, ४०-४५ अंशांची हवा दहा टक्क्यांच्या आसपास हलकी पडते. पंखा तेवढेच घनमीटर ढकलतो, पण उष्णता वाहून नेणारं वजन दहा टक्क्यांनी कमी झालेलं असतं.

२. वॅट किती, आणि ते कोण ठरवतं

डब्यावर लिहिलेले ६५ वॅट हे शेवटचं सत्य नव्हे. रायझेनच्या ६५ वॅटवाल्या चिप प्रत्यक्षात सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढतात, त्या मर्यादेला पीपीटी म्हणतात. इंटेल कोअर आय५-१२४०० चा मूळ आकडा ६५ वॅट, पण टर्बोत, म्हणजे चिप जास्तीच्या वेगाने चालताना, तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. दोन्ही आकडे बायोसमधून, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंग्जमधून, खाली आणता येतात. रायझेनच्या ४५ वॅट इको मोडमध्ये पीपीटी ६१ वॅटवर येतो. इंटेलच्या बोर्डवर वॅटच्या पीएल१ (सततची) आणि पीएल२ (टर्बोची) अशा दोन मर्यादा असतात.

बायोसमधली ही मर्यादा तुमच्या डिझाइनचाच भाग आहे, कमीपणा नव्हे. ४२ अंशांना ८८ वॅटने भागलं तर येतात ०.४८ अंश प्रति वॅट. ६१ ने भागलं तर ०.६९. हा आकडा म्हणजे एका वॅटमागे तुम्हाला परवडणारी तापमानवाढ. तो जितका मोठा, तितकं तुमचं काम सोपं.

या ०.६९ मधला काही हिस्सा चिपच्या आतच खर्च होतो, सिलिकॉनपासून वरच्या धातूच्या टोपीपर्यंत. तो तुमच्या हातात नाही, पण त्याचा अंदाज काढता येतो. कुणाकडून तरी मोठा टॉवर कूलर उसना आणा, बोर्ड केसबाहेर ठेवून तो लावा, ६१ वॅटवर अर्धा तास लोड चालवा. चिपच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करून वॅटने भागा. मोठ्या कूलरचा स्वतःचा वाटा छोटा असतो, म्हणून आलेलं उत्तर बऱ्याच अंशी चिपचंच असतं. समजा ते ०.३ आलं. मग तुमच्या कूलरच्या वाट्याला ६१ वॅटवर ०.३९ उरतात आणि ८८ वॅटवर फक्त ०.१८. पहिला आकडा ४७ मिमीत जमण्यासारखा आहे. दुसरा जमणार नाही, आणि का जमणार नाही ते चौथ्या पायरीत येईल.

३. जागा मोजा, बोर्डवरची आणि केसमधली

मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिमीचा असतो. व्हीआयएने हे माप २००१ मध्ये आणलं आणि छोट्या केसचं सगळं जग अजून त्याच चौकोनावर उभं आहे. उंचीची मर्यादा मात्र केसप्रमाणे बदलते. डॅन केसेसच्या ए४-एसएफएक्समध्ये ४८ मिमीचा कूलर बसतो, काही केसमध्ये नोक्टुआ एनएच-एल९आयसारखा ३७ मिमीचाच चालतो. माझ्या उदाहरणात ४७ मिमी धरलेत, कारण थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ त्याच उंचीचा आहे आणि तुलनेला समोर ठेवायला बरा.

केसच्या पुस्तिकेत छापलेल्या उंचीवर भरवसा ठेवू नका. ती चिपच्या टोपीपासून धरलीय की बोर्डच्या पृष्ठभागापासून, हे प्रत्येक जण सांगतोच असं नाही, आणि या दोन्हींत सात-आठ मिमीचा फरक असतो. बोर्ड केसमध्ये बसवा, चिप लावा आणि टोपीपासून बाजूच्या पॅनेलच्या आतल्या अंगापर्यंत स्वतः मोजा. पॅनेल मधोमध दाबलं तर किती आत येतं, तेही बघा. पातळ पत्र्याचं पॅनेल एक मिमी सहज आत येतं.

मग आडवं माप. रॅमची साधी पट्टी सुमारे ३१ मिमी उंच असते, शोभेची टोपी घातलेली चाळिसाच्या वर जाते, म्हणून साधीच घ्या. व्हीआरएम, म्हणजे चिपला वीज पुरवणारे बोर्डवरचे भाग, त्यांचे हीटसिंक, चोक, कपॅसिटर आणि मागच्या पोर्टांवरचं झाकण या सगळ्यांच्या उंचीचा कच्चा नकाशा कागदावर काढा. टोपीची उंची बोर्डापासून सात-आठ मिमी, म्हणजे तुमच्या कूलरच्या तळाच्या प्लेटखाली तेवढीच पोकळी आहे. त्याहून उंच भाग जिथे असेल तिथे प्लेट कापावी लागणार. प्लेटएवढा, ९० बाय ९० मिमीचा, पुठ्ठ्याचा तुकडा कापून बोर्डवर ठेवून पाहा. संगणकावरच्या मॉडेलपेक्षा या पुठ्ठ्याने नवख्या माणसाचा वेळ जास्त वाचतो.

स्क्रूची भोकं चिपच्या सॉकेटप्रमाणे बदलतात : रायझेनच्या एएम४ आणि एएम५ वर ५४ बाय ९० मिमी, इंटेलच्या एलजीए१७०० वर ७८ बाय ७८, त्याआधीच्या एलजीए१२०० आणि ११५x वर ७५ बाय ७५.

४. मिलिमीटर वाटा, आणि पहिला वाटा हवेला द्या

लेखातला खरा मुद्दा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

४७ मिमीतून पंख्याला १५ द्या. १२० मिमी व्यासाचे किंवा ९२ मिमीचे, १४-१५ मिमी जाडीचे पंखे मिळतात. नेहमीचा २५ मिमीचा इथे परवडत नाही. पंखा आणि पॅनेलची जाळी यांच्यात ३ मिमी मोकळे ठेवा. एक मिमी चुकांसाठी. उरले २८. त्यात ४ मिमी तांब्याची प्लेट, ४ मिमी ॲल्युमिनियमचा तळ आणि २० मिमीच्या फिन्स.

पंख्यापुढचे ते तीन मिमी बघून प्रत्येक नवखा कुरकुरतो, तिथे तीन मिमी फिन वाढवता आली असती म्हणतो. भर उन्हात तोंडाला दुपट्टा गच्च गुंडाळून सायकल चढावर मारताना जे होतं, तेच जाळीला चिकटलेल्या पंख्याचं होतं. हवा कमी येते आणि वर शिट्टीसारखा आवाज सुरू होतो. जाळीच्या भोकांचं एकूण क्षेत्र पंख्यासमोरच्या भागाच्या निम्म्याहून अधिक हवं. त्यापेक्षा कमी असेल तर पाच मिमी सोडा, किंवा पॅनेलच बदला.

आता आकडे. ९२ मिमीचा पातळ पंखा पूर्ण वेगावर, मोकळ्या हवेत, ताशी ५० घनमीटरच्या आसपास हवा ढकलतो. पुढे जाळी आणि मागे फिन्स आल्या की हे प्रमाण निम्म्याखाली येतं. ताशी २० घनमीटर धरू. आपल्या उन्हाळी हवेत एवढ्या प्रवाहाला एक अंश तापायला जवळजवळ ६ वॅट लागतात. म्हणजे ६१ वॅटवर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा दहा अंशांनी गरम असणार. एक भागिले सहा, म्हणजे ०.१७. ताशी २० घनमीटर हवेत, फिन्स सोन्याच्या केल्या किंवा हजार लावल्या, तरी कूलरचा आकडा ०.१७ च्या खाली जात नाही. ८८ वॅटसाठी आपल्याला ०.१८ हवे होते, ते का जमत नाही याचं उत्तर हेच.

खऱ्या फिन्सचं बघू. ९० मिमी लांबीच्या, १ मिमी जाड, २ मिमी अंतरावर तीस फिन्स, उंची २० मिमी. दोन्ही बाजू धरून पृष्ठभाग सुमारे ०.११ चौरस मीटर. फिन्समधल्या एवढ्या अरुंद गाळ्यांतून सावकाश वाहणाऱ्या हवेला दर चौरस मीटरला, दर अंशाला अंदाजे ५० वॅट देता येतात. हवेचं तापणं धरून फिन्सचा वाटा ०.२९ च्या जवळ येतो. प्लेटमध्ये उष्णता पसरण्याचे ०.०५ आणि पेस्टचे ०.०३ मिळवा. बेरीज ०.३७. आपल्याकडे होते ०.३९. बसलं, पण काठावर.

आता मोह होतो की अंतर २ चं १ मिमी करू, फिन्स पंचेचाळीस होतील, पृष्ठभाग दीडपट होईल. पृष्ठभाग होतो खरा. पण तेवढीच हवा ढकलायला पंख्याला पाचपटींहून जास्त दाब लावावा लागतो, आणि पातळ पंख्यात तेवढा दम नसतो. प्रवाह कोसळतो आणि ०.१७ ची पायरी वर चढते. बाजारातले चांगले बुटके कूलर याहून दाट फिन्स लावतात, पण त्यांच्या फिन्स ०.३-०.४ मिमी पातळ असतात. तुम्हाला कार्यशाळेत एक मिमीच्या खाली जाणं जड जाईल, म्हणून दोन मिमी अंतर सोडू नका.

पंख्याचा वेग वाढवून काय मिळतं? प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो, दाब वर्गाच्या, पंख्याची वीज घनाच्या. आवाजाचा ढोबळ नियम असा की वेग वीस टक्क्यांनी वाढला की चार डेसिबल वाढतात. रात्री दोन वाजता शेजारच्या खोलीत आई-बाबा झोपलेले असतील तर हे चार डेसिबल ऐकू येतात.

फिन्सचे गाळे कोणत्या दिशेला उघडे ठेवायचे, हे बहुतेक जण शेवटी ठरवतात. ते आधी ठरवा. हवा वरून शिरते आणि दोन टोकांतून बाहेर पडते. एका टोकासमोर रॅमची ३१ मिमीची भिंत उभी असेल तर अर्धी वाट अडली. गाळे रॅमच्या पट्ट्यांना समांतर ठेवा. शक्य असेल तर एक टोक व्हीआरएमकडे जाऊ द्या, म्हणजे जाता जाता त्यांनाही वारा मिळेल. बुटक्या कूलरचा हा फुकटचा फायदा आहे, टॉवर कूलरमध्ये तो मिळत नाही.

५. तांबं की ॲल्युमिनियम

शुद्ध तांबं उष्णता सुमारे ४०० च्या मानाने वाहतं, ६०६३ ॲल्युमिनियम २०० च्या, ६०६१ साधारण १६७ च्या (वॅट प्रति मीटर प्रति अंश). तांब्याचं वजन मात्र ॲल्युमिनियमच्या सव्वातीनपट. सगळा कूलर तांब्याचा केला तर वजन आणि खर्च दोन्ही वाढतात, आणि फायदा मिळतो तो मुख्यतः तळात. तिथे उष्णता छोट्या ठिपक्यातून पसरायची असते. रायझेनच्या झेन ४ पिढीत टोपीखालच्या चिपलेटचं, म्हणजे तापणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्याचं, क्षेत्र ७० चौरस मिमीच्या आसपास आहे, आणि ते टोपीच्या मध्यावर नसून एका बाजूला असतं. म्हणून तळ तांब्याचा, फिन्स ॲल्युमिनियमच्या. एएम५ साठी कूलरचा मध्य चिपलेटच्या बाजूला सात मिमी सरकवण्याची सोय नोक्टुआ देतं, आणि त्यातून एक ते तीन अंशांचा फरक पडतो. स्वतःचा कूलर आखताना ही भोकं सरकवायला काहीच खर्च येत नाही, मग सरकवाच.

दोन धातू जोडायची भीती बाळगू नका. ९० बाय ९० च्या प्लेटला पेस्ट लावून सहा-आठ एम३ स्क्रूंनी आवळलं, आणि दोन्ही तोंडं सपाट असतील, तर जोडाचा तोटा ०.०१ अंश प्रति वॅटच्या घरातच राहतो. पेस्टचा थर नडतो तो छोट्या क्षेत्रात, म्हणजे चिपच्या टोपीवर.

६. हीटपाइप लावायचा का

पहिल्या कूलरला नको, असं मी सांगेन. तरी समजून घ्या. हीटपाइप म्हणजे हवा काढून सील केलेली तांब्याची नळी, आत थोडं पाणी आणि भिंतीला सच्छिद्र तांब्याचा थर. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला ती पाणी होते आणि थरातून परत येते. जनरल मोटर्समध्ये रिचर्ड गॉगलर यांनी १९४० च्या दशकात याचं पेटंट घेतलं, आणि १९६३ मध्ये लॉस अलामोसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी ते स्वतंत्रपणे पुन्हा घडवलं.

बुटक्या कूलरमध्ये हीटपाइपची अडचण वळणात आहे. ६ मिमीची नळी सुरक्षितपणे वाकवायची तर वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे १८ मिमी ठेवतात. तळातून निघून वर वळून फिन्समध्ये शिरणारं यू वळण घेतलं तर नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३६ मिमी गेले, नळीची जाडी धरून ४२. सत्तेचाळिसातले बेचाळीस गेल्यावर पंखा कुठे बसवणार? कारखान्यात खास साच्यांवर याहून घट्ट वळणं काढतात, घरी ती काढायला गेलात तर आतला थर चिरडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लावायचीच असेल तर नळी आडवी, तळाच्या खाचेत बसवून टोकांकडे पसरू द्या.

जोडायला टिन-बिस्मथची सोल्डर वापरा, ती १३८ अंशांना वितळते. नेहमीच्या शिसेविरहित सोल्डरला २१७ अंश लागतात, आणि त्या तापमानाला बंद नळीतल्या वाफेचा दाब वीस बारच्या वर जातो. दीडशे अंशांना तो पाचाच्या आत असतो. नळीवर थेट ब्लोटॉर्च धरणाऱ्यांनी हे दोन आकडे समोर लिहून ठेवावेत. शिवाय ॲल्युमिनियमवर सोल्डर धरत नाही, आधी निकेलचा मुलामा लागतो.

७. माल आणि कारागीर

इतवारीत तांब्याची भांडी घेता घेता कुणाला तरी पत्रा सुचतोच, पण भांड्यांचा पत्रा पातळ असतो आणि त्याची शुद्धता कुणी लिहून देत नाही. त्यापेक्षा इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्यांकडे बसबारचे तुकडे विचारा. बसबार ईटीपी प्रतीच्या तांब्याचे असतात, म्हणजे वहनाला उत्तम, आणि कापून उरलेले तुकडे कमी भावात मिळू शकतात. रुंदी कमी पडली तर दोन पट्ट्या शेजारी ठेवू नका, त्यांच्यामधली फट नेमकी चिपखाली येते. मधोमध एकच पट्टी घ्या आणि प्लेट आयताकृती करा. रायझेनवर ४० मिमी रुंदीची पट्टीही टोपी झाकते.

फिन्ससाठी हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतला वायर-कटवाला (तारेने धातू कापणारा) किंवा व्हीएमसीवाला (संगणकचालित मिलिंग करणारा) गाठा. एक नग म्हटलं की बरेच जण मान हलवतात, म्हणून चित्र तयार असू द्या : डीएक्सएफ फाइल (यंत्राला वाचता येणारं आरेखन), सोबत मापं लिहिलेला कागद, धातूची प्रत, फिन्सना अधिक-उणे ०.१ मिमी, तळाची सपाटी ०.०५ मिमी. जिथे माप महत्त्वाचं नाही तिथे तसं लिहा, नाहीतर तो प्रत्येक कडेचे पैसे लावेल. वायर-कटमध्ये कापलेल्या क्षेत्रावर भाव ठरतो, त्यामुळे खोल फिन्स महाग पडतात. दुसरा मार्ग म्हणजे तयार एक्सट्रूडेड हीटसिंक घेऊन कापून घेणं. त्याच्या फिन्स जाड आणि विरळ असतील, पण पहिल्या प्रयोगाला चालेल.

तांब्यात एम३ चा टॅप मारताना जीव मुठीत येतो, धातू चिकट असतो आणि टॅप आत तुटतो. २.५ मिमीचं भोक, कटिंग ऑइल, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. घाई असेल तर आरपार भोक पाडून नट वापरा. चिपला टेकणारं तोंड शेवटी काचेच्या तुकड्यावर ओला पॉलिश पेपर चिकटवून घासा : ४००, ८००, १०००. आरशासारखं चमकायची गरज नाही. स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसत नसला की झालं.

८. बसवणी

एएम४ बोर्डसोबत येणाऱ्या बॅकप्लेटमध्ये, म्हणजे बोर्डच्या मागून स्क्रू धरणाऱ्या प्लेटमध्ये, ६-३२ यूएनसी (इंची मापाचे) आटे असतात. एम३ त्यात सैल नाचतो आणि एम३.५ आटे खातो, म्हणून स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात बॅकप्लेट दाखवूनच घ्या. एएम५ वर बॅकप्लेट सॉकेटचाच भाग आहे, ती काढता येत नाही, म्हणून स्वतःची प्लेट आखण्यात वेळ घालवू नका. इंटेलवर मात्र स्वतःची बॅकप्लेट लागते, आणि तिच्या व बोर्डच्या मध्ये फायबर किंवा नायलॉनचे वॉशर हवेत.

चारही स्क्रूंवर छोट्या स्प्रिंग घाला. स्प्रिंगमुळे दाब सारखा राहतो आणि जास्त आवळला जात नाही. आवळताना समोरासमोरचे कोपरे, दोन-दोन फेरे. पहिल्यांदा पेस्ट लावून बसवा, लगेच काढा आणि ठसा बघा. एका कडेला पेस्ट जाड राहिली असेल तर प्लेट कुठेतरी कपॅसिटरवर टेकलीय.

९. चिपशिवाय चाचणी

नवा कूलर थेट चिपवर लावायची गरज नाही. ॲल्युमिनियमच्या कवचातला १०० वॅटचा २.२ ओहमचा रेझिस्टर आणा, तो १० मिमी जाड तांब्याच्या ठोकळ्यावर आवळा, आणि ठोकळ्याचं दुसरं तोंड चिपच्या टोपीच्या मापाचं ठेवा. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायच्या (एसएमपीएस) १२ व्होल्ट लाइनवर तो सुमारे ६५ वॅट देतो. साडेपाच ॲम्पिअर वाहतात, तेव्हा तारा जाड आणि मध्ये फ्यूज. खरा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा, १२ समजून चालू नका. ठोकळ्यात टोपीजवळ बारीक भोक पाडून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा, बाजूंना ग्लासवूल गुंडाळा. कूलर न लावता वीज चालू करू नका.

दुसरं थर्मोकपल पंख्याच्या तोंडाशी, सावलीत, गरम वाऱ्यापासून दूर. ते कुठे टांगलंय यावर तुमचा सगळा निकाल अवलंबून आहे. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तुमच्या टेबलावर असं सांगणारं खातं नाही, म्हणून सुरुवातीलाच दोन्ही थर्मोकपल बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतात का ते बघा.

अर्धा तास थांबा. दहा मिनिटांत अर्ध्या अंशाहून कमी बदल होत असेल तर नोंद घ्या. ठोकळ्याच्या तापमानातून शिरणाऱ्या हवेचं तापमान वजा करून वॅटने भागा. ०.३५ ते ०.४ आलं तर हिशोब जुळला. ०.५ च्या पुढे आलं तर आधी पेस्टचा ठसा, मग पंख्याची दिशा, मग फिन्समधला बर (कापताना राहिलेले धातूचे काटे), या क्रमाने तपासा. रेझिस्टरची उष्णता ठोकळ्यात सारखी पसरते आणि चिपची एका कोपऱ्यात साचते, म्हणून खऱ्या चिपवर थोडं वाईट उत्तर येईल.

१०. केसमध्ये

बाहेर उत्तम चाललेला कूलर केसमध्ये गेला की कधीकधी आठ-दहा अंशांनी बिघडतो. कारण बहुधा एकच : फिन्समधून निघालेली गरम हवा वळून पुन्हा पंख्यात शिरते. एक तृतीयांश हवा अशी परतली तर शिरणारी हवा आपल्या उदाहरणात पाच अंशांनी तापते. उदबत्तीचा धूर पंख्याच्या कडेशी धरून पाहा, तो बाजूने आत ओढला जात असेल तर गळती आहे. पंख्याच्या चौकटीवर ईव्हीए फोमची चौकट चिकटवा, पॅनेल लावल्यावर ती हलकी दाबली जाईल इतकी जाड. फोम नको असेल तर डक्ट (हवेची वाट बंदिस्त करणारी चौकट) थ्रीडी प्रिंट करा, पण पीएलए प्लास्टिकमध्ये नको. तो साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि मे महिन्यात बंद खोलीतल्या केसमध्ये साठ अंश लांब नसतात. पीईटीजी चालेल, एएसए त्याहून बरा.

पंखा उलटा करूनही एकदा मोजा. ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसणाऱ्या काही केसमध्ये आतली हवा बाहेर ओढणं जास्त फायद्याचं ठरतं. नियम नाही, मोजणी आहे.

वाळ्याचा कूलर असलेल्या खोलीत संगणक त्याच्या झोतासमोर ठेवू नका. दमट हवेने काही बिघडत नाही, कारण चिपवर किंवा बोर्डवर खोलीपेक्षा थंड असं काहीच नसतं आणि दव धरत नाही. पण पॅडमधून उडणाऱ्या तुषारांत बोअरचं जड पाणी असेल, तर फिन्सवर पांढरा थर बसतो आणि दोन मिमीचे गाळे हळूहळू बुजतात. झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. एप्रिलच्या शेवटी पॅनेल काढून मऊ ब्रशने गाळे साफ करा, ब्रश मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, आणि त्याच दिवशी बायोसमध्ये पीपीटी ६१ वर आणा. जूनमध्ये पाऊस लागला की तो परत ८८ करून पाहा. खोली तेव्हा दहा अंशांनी उतरलेली असली, तरी ८८ वॅटवर कूलर मर्यादेशी खेळेल, आणि तिथे पोचली की चिप स्वतःच वेग कमी करते. तो वेग किती पडतो हे लोड चालवून एकदा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ६१ आणि ८८ च्या मधला तुमचा आकडा कोणता ते कळेल.